मोहोरगावची वेस

२ जुलै, रविवार

रिटायर झाल्यापासून ही वही कोरीच होती. बीपीची गोळी घेतली अन् नळाला पाणी आलं, याची काय नोंद करायची? पण आज कॉलनीच्या बैठकीत असा विषय निघाला की भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं गावं मोजली त्याचं सार्थक झालं.

इथल्या एका दैनिकानं नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांसाठी स्पर्धा काढली आहे, 'शहरातलं माझं गाव'. ज्या कॉलनीत गावपण जास्त, तिला पितळेची पाटी अन् पेपरात अख्खं पान. परीक्षक पोळ्याच्या दिवशी येणार. अट एकच, पण कडक. आमची कॉलनी हे गावच आहे, असं प्रत्येक घरानं सही करून लिहून द्यायचं. एक जरी सही कमी पडली तरी अर्ज बाद.

आमच्या मोहोर कॉलनीत चव्वेचाळीस घरं. अध्यक्ष वीरभद्रअप्पा, मूळचे देगलूरकडचे, हार्डवेअरचे दुकानदार. ते उठून म्हणाले, "आपल्याला काय सिद्ध करायचंय? आपण गावच हाओत! कोणाच्या घरात काय शिजून राहिलं ते आपल्याला वासावरून कळतंय." टाळ्या पडल्या. एका तरुण इंजिनिअरनं विचारलं, महापालिकेच्या हद्दीत गाव कसं असेल? मग मला उठावंच लागलं. गावठाण म्हणजे काय, शिवार म्हणजे काय, पांदण, गायरान, सगळं फोड करून सांगितलं. वीस मिनिटं झाली तेव्हा अप्पांनी माइक काढून घेतला. पण नकाशाची जिम्मेदारी माझ्यावरच टाकली. नव्या गावाचं नाव मोहोरगाव. मोहोर कशाचा, ते कोणाला माहीत नाही. बिल्डरनं आंब्याची झाडं तोडून प्लॉट पाडले होते म्हणतात.

६ जुलै, गुरुवार

सकाळी फिरताना आनंदराज साहेबांना सगळं सांगितलं. साहेब माझे ऑफिसातले वरिष्ठ. मी मोजायचं, नकाशा काढायचा. साहेबांनी लाल पेनानं तपासून सही करायची. अठरा वर्षं असं चाललं. या कॉलनीत पहिला प्लॉट त्यांनीच घेतला, रस्त्याच्या तोंडाचा, कोपऱ्यावरचा. "किशनराव, इथं घ्या, बरं वाटतंय इथं," असं ते म्हणाले म्हणून मी घेतला. रोज सहा वाजता आम्ही दोघं फिरायला निघतो. बाकी कोणाशी माझं फार जमत नाही. मी तिरसट आहे असं कस्तुरा म्हणते. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला बोलायला कोण अडवणार?

साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "किशनराव, माझा बाप गाव सोडून निघाला तेव्हा मला म्हणाला होता, मागं वळून बघायचं न्हाई."

मी म्हटलं, "त्या काळात शहराची ओढच तशी होती, साहेब."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. त्यांची शुगर वाढली असावी.

मी त्यांना आडाची योजना पण सांगितली. बागेतल्या बोअरभोवती दगडी कठडा बांधून, वर लाकडी रहाट बसवून अस्सल आड करायचा. साहेबांनी विचारलं, "पाणी ज्याचं त्यानं काढायचं, का वरून वाढणार कोणी?"

मी म्हटलं, "काढायचं कशाला? मोटर आहे ना. बटण दाबलं की येतंय."

११ जुलै, मंगळवार

आज वेशीची जागा मुक्रर केली. टेप घेऊन दोन तास उन्हात उभा होतो.

रस्त्याच्या अगदी तोंडाशी वेस बसत नाही. तिथं रस्ता फाकतो, कमान बेढब दिसते. एकसष्ट फूट आत आलं की रस्ता बरोबर अठरा फूट होतो आणि दोन्ही बाजूला खांबांना सारखी जागा मिळते. शास्त्रीय दृष्ट्या हीच जागा. त्यामुळं सुरुवातीची तीन घरं कमानीच्या अलीकडं राहतात: साहेबांचं, पंढरी जमादारांचं आणि लुंबिनी मॅडमचं. बाकी एक्केचाळीस घरं आत. अप्पांना दाखवलं. अप्पा खुश. "वेस म्हटलं की बाहेर कोणी तरी असावंच लागतंय, किशनराव. न्हाईतर वेस कशाची? म्हणच हाय ना, गाव तिथं..." एवढ्यात पंढरी जमादार दूध घेऊन तिथून गेले. अप्पांना खोकला आला आणि म्हण अर्धीच राहिली.

घरी कस्तुरानं कागद बघितला. "ही तीन घरं कुठं पडतेत?"

"बाहेर. म्हणजे फक्त कमानीच्या बाहेर. कॉलनीत तर आहेतच की."

तिनं कागद परत माझ्या हातात दिला. गवाराच्या शेंगा मोडत बसली, त्यातल्या अर्ध्या टोपलीबाहेर पडल्या.

१९ जुलै, बुधवार

धोंड्याचा महिना लागला. लेक दीपमाला आणि जावई शिवमराव लातूरहून आले. जावयांनी खबर आणली की लातूरच्या एका सोसायटीनं लिफ्टशेजारी जातं बसवलंय. सुना पाळीनं दळतात अन् एकमेकींचं रील काढतात. पीठ कोणी खात नाही. अप्पांना लगेच फोन केला. अप्पा म्हणाले, आपण उखळ बसवू.

३० जुलै, रविवार

पार तयार झाला. पिंपळ लहान आहे, कुंडीतच आहे, पण पार चारी बाजूंनी बसायला ऐसपैस. कामाला लागलो तेव्हा वाटलं होतं की गावपण आणायला कष्ट पडतील. कसचं काय. पार बांधून सिमेंट वाळायच्या आत भांडण. पहिल्या जागेवर कोण बसणार? तिघांनी सांगितलं की त्यांच्या घराण्यात पाटीलकी होती. एकाचं तर आडनाव कुलकर्णी. शेवटी बसण्याची यादी केली. नकाशाच्या कामामुळं माझं नाव पहिल्या नंबरवर आहे. मला हावरेपणा नाही, पण यादी दोनदा वाचली.

यादीत साहेबांचं नाव दिसलं नाही. अप्पा म्हणाले, पारावरची जागा वेशीच्या आतल्या घरांनाच. नियम म्हटल्यावर नियम. तरी साहेबांनी माझ्या जागेवर बसावं, असं मी त्यांना सांगणार आहे.

५ ऑगस्ट, शनिवार

एक्केचाळीस सह्या झाल्या. पंढरी जमादार आणि लुंबिनी मॅडम दोघंही म्हणाले, साहेब करतील तिथं आम्ही करू. म्हणजे सगळं साहेबांवर आलं. मी निर्धास्त झालो.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा लावला, खिशातून लाल पेन काढलं. उत्तरेचा बाण जरा तिरपा होता, तो सरळ केला. प्रमाण लिहायचं राहून गेलं होतं, ते लिहिलं. मग वेशीवर बोट ठेवलं.

"मोजणी बरोबर आहे," म्हणाले.

"मग करायची सही?"

"माय येणार आहे किनवटहून. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन ऐकायला, महिनाभर. तिला एकदा तुमचं गाव दाखवा. मग बघू."

मला लई आनंद झाला. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, अर्धं आयुष्य खेड्यात काढलेली. गावाची पारख तिच्याहून चांगली कोण करणार? यादीतल्या माझ्या जागेचं पण बोललो. साहेब म्हणाले, "राहू द्या. मला खुर्चीची सवय आहे."

१३ ऑगस्ट, रविवार

पोळ्याला बैल पाहिजेत. अर्धापूरला धाकट्या भावाला, बजरंगला, फोन केला. म्हटलं, आपली जोडी टेम्पोत घालून पाठव.

"कोणती जोडी, दादा? तीन वर्सं झाली विकून. तू आलाच न्हाईस इकडं, तुला काय माहीत?"

"मग केळीचं कसं करतोस?"

"ट्रॅक्टर हाय की. पाठवू का? शिंगं रंगवून देतो." आणि हसत सुटला. मग म्हणाला, "दादा, खरं सांगू? इथं गावात राहायला माणूस न्हाई अन् तुम्ही तिथं गाव करून राहिलेत. आमचंच उचलून न्या ना."

मी रागानं फोन ठेवला. नंतर त्यानंच शेजारच्या गावातल्या एकाची जोडी ठरवून दिली. बैल शांत आहेत म्हणाला, फक्त नवीन वस्तू दिसली की बुजतात.

२१ ऑगस्ट, सोमवार

आजचा दिवस सोन्यानं लिहून ठेवावा असा.

वेस पूर्ण झाली. दोन्ही खांबांवर प्लास्टरचे हत्ती, पांढरेशुभ्र, सोंड वर. समोरून 'मोहोरगाव आपले स्वागत करीत आहे', मागून 'धन्यवाद, पुन्हा या'. साहेबांच्या मातोश्री, सरजाबाई, काल आल्या. आज मी त्यांना गाव दाखवायला घेऊन गेलो. साहेब येतो म्हणाले होते, पण त्यांना फोन आला म्हणून ते मागं थांबले. मी म्हातारीचा हात धरून चाललो. आड आहे, पार आहे, मारुतीचं देऊळ आहे, मी सांगत होतो. म्हातारी हुं हुं करत होती.

वेशीपाशी आलो आणि त्या थांबल्या. वर बघितलं. हत्तींकडं नाही, कमानीकडं. मग खाली वाकल्या, पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पदर सावरून, मान खाली घालून कमानीखालून आत आल्या. अनवाणी. आडापर्यंत तशाच चालल्या.

माझ्या अंगावर काटा आला. केवढी श्रद्धा! देवळात शिरावं तसं वेशीत शिरल्या. आमच्या कॉलनीतल्या पोरी सँडल घालून पारावर चढतात. मी मागून पटकन फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मोहोरगावच्या वेशीला वडीलधाऱ्यांचं वंदन. याला म्हणतात संस्कार.' पुढं जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

जेवणाच्या आत सदतीस अंगठे आले. अप्पांचा फोन आला, "किशनराव, हा फोटो परीक्षकांना पाठवून राहिलो. आपलं काम झालं!"

२२ ऑगस्ट, मंगळवार

साहेब फिरायला आले नाहीत. दहा मिनिटं त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. घरात दिवा होता.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आजही नाहीत. लुंबिनी मॅडम ग्रुपमधून बाहेर पडल्या, मागोमाग पंढरी जमादार. मी अप्पांना विचारलं, नेटवर्कचा घोळ आहे का? अप्पा म्हणाले, असेल.

कस्तुरा दोन दिवसांपासून ताट आदळून वाढून राहिली. शेवटी मी चिडून विचारलं, झालं काय? ती म्हणाली, "तो फोटो पुसून टाका आधी."

"अगं, वंदन केलं त्यांनी!"

"तुमच्या आत्याच्या गावात मी नवरी होऊन पाच दिवस राहिले होते. त्या गावात कोण चपला हातात घेऊन वेशीतून यायचं, ते मी बघितलंय. तुम्ही तर तिथंच शाळा शिकलात. तुम्हाला दिसलं न्हाई?"

मी फोटो उघडून बघत बसलो. मग पुसून टाकला. अंगठे पण गेले त्याच्याबरोबर.

आता खरं लिहितो. मला दिसलं होतं. लहानपणी रोज दिसायचं. पण ते म्हणजे तसंच असतं, सूर्य उगवतो तसं, असं वाटायचं. त्याला कोणी नावं ठेवायची असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. अप्पांच्या खोकल्यात अडकलेली ती म्हण पण आज पुरी आठवली. गाव तिथं काय असतं, ते आमच्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ असायचं.

२७ ऑगस्ट, रविवार

साहेबांच्या फाटकावर पाटी लागली, 'घर विकणे आहे'. लाल पेनानं लिहिलेली. अक्षर मी ओळखतो.

तसाच आत गेलो. सरजाबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नेहमीसारखं. मी म्हटलं, "साहेब, सही नको तर नको. घर कशाला विकता?"

"किशनराव, तुम्ही चौतीस वर्षं गावठाणं मोजली. नकाशात एक तुकडा कायम वेगळा असायचा. ओढ्यापलीकडं, न्हाईतर वेशीबाहेर. त्याच्यावर नाव कोण लिहायचं?"

"मीच लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं."

"अन् खाली सही?"

"तुमची."

"हाव. माझी. तो कागद जुना होता, सरकारी होता. आपण कोण बदलणारे, असं म्हणून मी सही करायचो अन् घरी येऊन जेवायचो. हा कागद नवा होता, किशनराव. कोणी हुकूम दिला नव्हता. तुम्ही तुमच्या हातानं काढला."

मी म्हटलं, मोजताना माझ्या मनात काहीच नव्हतं. हेच मी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "ते मला माहीत आहे. मनात असतं तर भांडता आलं असतं."

सरजाबाई मध्येच म्हणाल्या, "लेकरा, तू कशाला जीव जाळतूस? चपला काढ म्हणून कोणी म्हणलं न्हाई मला. साठ वर्सं झाली त्याला. मीबी इसरले होते. कमान दिसली अन् हात आपोआप खाली गेला."

त्या मला समजावत होत्या, मला! मी मान खाली घालून बसलो. साहेब आता लातूरला लेकीकडं जाणार. त्यांची बुद्धप्रिया तिथं कॉलेजात शिकवते. मला बाकी काही नको, साहेब जाऊ नयेत एवढंच वाटतंय. अठ्ठावीस वर्षांची सोबत आहे.

३ सप्टेंबर, रविवार

बैठक. जाण्याआधी अर्धा तास न्हाणीघरात उभा होतो. भीती वाटत होती. पारावरची पहिली जागा आठवत होती, ती पण आठवत होती, काय लपवायचं इथं.

उभा राहून म्हटलं, वेस चुकीच्या जागी आहे, चूक माझी आहे, रस्त्याच्या तोंडाशी घ्या. कमान बेढब दिसली तर दिसू द्या.

अप्पा म्हणाले, "आता हत्ती बसलेत. ते उठतेत का?"

लोक हसले. मी म्हटलं, मग तीन सह्या कुठून आणणार? अप्पांनी माझाच नकाशा उलगडला. "त्याचा विचार केलाय. हद्द वेशीपासून सुरू होती, तुम्हीच काढली. ती तीन घरं गावात येतच न्हाईत. मग त्यांच्या सह्या कशाला? गाव एक्केचाळीस घरांचं. एक्केचाळीस सह्या. शंभर टक्के एकमत!"

टाळ्या. मी टाळ्या थांबायची वाट बघितली. म्हटलं, "मी माझी सही काढून घेतो. आता करा एकमत."

अप्पा जरा विचारात पडले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढून नकाशावर माझ्या घराभोवती चौकोन मारला. "काही अडचण न्हाई. हे पण गावाबाहेर धरू. गाव चाळीस घरांचं."

असा प्रकार मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. माझं घर कॉलनीच्या मधोमध, चारी बाजूंनी गाव, आणि ते गावात नाही. मोजणी म्हणून पाहिलं तर भयानक चूक. घरी येऊन कस्तुराला सांगितलं. तिनं पुऱ्या तळल्या.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा

कस्तुरानं पुरणपोळीचा डबा घेतला आणि म्हणाली, चला साहेबांकडं. साहेब दारात आले. मला बघून क्षणभर थांबले, मग बाजूला झाले. आम्ही चौघं व्हरांड्यात बसलो. कस्तुरानं डबा उघडून पोळ्या वाढल्या.

साडेदहाला टेम्पो आला. बैल सजवलेले, झुली, बाशिंगं, गळ्यात घुंगरमाळा. परीक्षक तिघं, एका बाईंच्या हातात वही. अप्पा फेटा बांधून पुढं. बँड वाजला. मिरवणूक वेशीपर्यंत गेली आणि बैलांनी ते पांढरे हत्ती बघितले.

जागच्या जागी पाय रोवले दोघांनी. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. अप्पांनी फेटा काढून बैलाच्या डोळ्यावर धरला, तो बैलानं चावला. अर्धा तास हा तमाशा. मग दोन्ही बैल वळले आणि सरळ साहेबांच्या फाटकातून आत येऊन हिरवळ खायला लागले. सरजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. साहेब पण हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

मुहूर्त टळायला आलेला. शेवटी चाळीस घरांच्या बायका आरतीची ताटं घेऊन वेशीबाहेर आल्या आणि साहेबांच्या अंगणात बैलांची पूजा झाली. परीक्षक बाई वहीत काहीतरी उतरवून घेत होत्या. सरजाबाईंनी बैलाच्या कपाळावर हात फिरवला आणि आमच्यातली एक पोळी त्याला चारली.

१ ऑक्टोबर, रविवार

निकाल लागला. मोहोरगाव पहिलं. जातंवाले लातूरकर दुसरे. पेपरात परीक्षकांचं मत छापलंय: 'शंभर टक्के एकमत असलेलं गाव. वेशीबाहेर जाऊन पोळा पुजण्याची आगळी प्रथा या गावानं पिढ्यानपिढ्या जपली आहे.' कॉलनीला अकरा वर्षं झाली.

२२ ऑक्टोबर, रविवार

साहेब गेले. घर अप्पांच्या साडूनं, शिवशंकररावांनी घेतलं. ट्रक भरला. मी पुस्तकांची खोकी उचलू लागलो तर साहेब म्हणाले, "किशनराव, बीपी आहे तुम्हाला." तरी दोन उचलली.

निघताना मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "साहेब, मी चुकलो. मनात नव्हतं असं आता म्हणणार न्हाई."

साहेबांनी हात सोडवला नाही. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तरी उभे होते. मग गाडीत बसले. मी मुख्य रस्त्यापर्यंत मागं चालत गेलो. म्हाताऱ्या माणसानं रस्त्यात उभं राहून रडू नये, पण रडलो.

५ नोव्हेंबर, रविवार

शिवशंकरराव गेल्या आठवड्यात राहायला आले. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "माझं घर वेशीबाहेर कसं काय?"

तातडीची बैठक. दहा मिनिटांत ठराव. वेस एकसष्ट फूट पुढं, रस्त्याच्या तोंडाशी घ्यायची. कमान बेढब दिसेल, असं कोणीही म्हणालं नाही. हत्ती उठतात का, असं पण कोणी विचारलं नाही. परवा सकाळी हत्ती दोरीनं उतरवले, एकाची सोंड गेली, बाकी सुखरूप. अप्पा माझ्या दारात आले. "किशनराव, झालं गेलं विसरा. टेप घेऊन या. अशी मोजणी तुमच्याशिवाय कोणाला जमत न्हाई."

मी म्हटलं, माझं घर तुमच्या गावात नाही, मला कसं बोलावता? दार लावून घेतलं. कस्तुरा आतून म्हणाली, कडी पण लावा.

मग साहेबांना फोन लावला. ते गेल्यापासून पहिलाच. सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसू ओसरल्यावर विचारलं,

"ठराव एकमतानं?"

"हाव."

"मोजणी कोणी केली?"

"मी न्हाई गेलो, साहेब."

मग म्हणाले, "बरं केलं." माय बरी आहे म्हणाले. लातूरला सकाळी फिरायला जागा चांगली आहे, एकदा या म्हणाले.

"येतो. सोसायटी कशी आहे?"

"चांगली आहे. काल बैठकीला बोलावलं होतं. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणतेत. 'साहेब, आपण सगळे मिळून गाव करू,' असं म्हणाले मला."

मी घाईनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, आधी नकाशा दाखवा."